मित्राच्या घरी पुण्यात चार दिवस: काय, कुठे आणि मुख्य म्हणजे किती वाजता खायचं

पुण्यात खायला कुठे जायचं, याच्या याद्या मोबाइलवर ढिगानं मिळतात. त्या बहुतेक बरोबरही असतात. तरी चार दिवस राहून परत जाणारी कुटुंबं दोन हमखास तक्रारी घेऊन जातात. एक, "गेलो तेव्हा बंद होतं." दुसरी, "पोट इतकं भरलेलं होतं की मजाच आली नाही." दोन्हींचं मूळ वेळेत आहे. इथली मिसळ सकाळची, थाळी दुपारची, मस्तानी चारनंतरची आणि भरली वांगी घरची. ही वेळ चुकली की पदार्थ चुकतो. त्यात मुक्काम हॉटेलात नसून मित्राच्या घरी असेल, तर त्या घरच्या स्वयंपाकघराचंही एक वेळापत्रक असतं, आणि ते आधी बघावं लागतं.

पुढचं सगळं शुक्रवार दुपार ते सोमवार दुपार असं धरून लिहिलं आहे. माणसं आठ: चार तुमची, चार त्यांची, त्यात दोन-तीन मुलं आणि एखादी आजी.

निघण्याच्या आठवडाभर आधी: एक फोन

फोन मित्राला न करता वहिनींना करा. मित्र "या रे, बघू काय ते" म्हणून मोकळा होतो. घरात कधी काय शिजणार हे वहिनींना, किंवा स्वयंपाकाच्या मावशी असतील तर त्यांना, माहीत असतं. चार गोष्टी विचारून घ्या.

घरात कुणाचा कुठला उपवास किंवा वार आहे? संकष्टी किंवा एकादशी मध्ये येत असेल तर त्या दिवशी मिसळीचा बेत करून घरातल्या एकाला नुसतं बघत बसवू नका. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची खमंग कोशिंबीर असा बेत धरा, तोही पुण्याचाच नाश्ता आहे. सामिष चालतं का, आणि चालत असेल तर घरी की फक्त बाहेर? पुष्कळ घरांत मुलं बाहेर बिर्याणी खातात पण घरात अंडंही येत नाही. कुणाला पथ्य आहे का? आणि शेवटचं: "एका संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही करू, चालेल ना?"

या शेवटच्या प्रश्नावर "छे हो, काही त्रास नाही" असं उत्तर येतंच. दुसऱ्यांदा विचारा. आठ माणसांच्या पोळ्या म्हणजे पंचवीस-तीस पोळ्या, आणि त्या चार दिवस दोन्ही वेळा लाटाव्या लागल्या तर तिसऱ्या दिवशी घरातलं वातावरण पोळीसारखंच कडक होतं. हिशोब असा धरा: दिवसातून एकच जड जेवण बाहेर, एक साधं जेवण घरी, मध्ये फार तर एक गोड किंवा चटपटीत काही.

जाताना बाकरवडी नेऊ नका. हे सांगावं लागू नये, पण एक्स्प्रेस-वेवरच्या थांब्यावर बाकरवडीचा पुडा घेऊन पुणेकराच्या दारात उभे राहणारे लोक आहेत. तुमच्या गावचं काहीतरी न्या: काजू, कोकम, चटणी, पेढे, जे असेल ते.

शुक्रवार: पोचल्या दिवशीच थाळी

थाळी शेवटच्या दिवशी ठेवतात, ती चूक. श्रीखंड-पुरी आणि मसालेभात खाऊन गाडी चालवायला बसणं म्हणजे डुलकीला आमंत्रण. शिवाय पोचल्या दिवशी दुपारी यजमानांवर स्वयंपाकाचा भार नको. साडेअकरा-बारापर्यंत घरी पोचा, सामान टाका, हातपाय धुवा आणि रिक्षा करून निघा. स्वतःची गाडी पेठांत किंवा टिळक रस्त्यावर नेऊ नका. जागा शोधण्यात गेलेला अर्धा तास भुकेल्या मुलांबरोबर फार लांब वाटतो.

महाराष्ट्रीय थाळीसाठी टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर आणि आपटे रस्त्यावरचं श्रेयस ही दोन नावं बहुतेक पुणेकर सांगतील. साडेबारापर्यंत पोचलात तर बरं. शनिवार-रविवारी दीडच्या सुमाराला रांग असते, शुक्रवारी जरा सुसह्य. मुलांच्या थाळीचा दर बसण्याआधी विचारा, ताट वाढल्यावर नाही.

अमर्याद थाळीत फसगत होते ती पहिल्या पाच मिनिटांत. वाढपी झपाझप येतात: कोथिंबीर वडी, भजी, गरम पुऱ्या, जिलबी. भूक असते म्हणून सगळ्याला "हो" म्हटलं जातं, आणि मसालेभात येईपर्यंत हात थांबतो. त्यापेक्षा पंगतीचा जुना क्रम धरा. आधी मूदभर साधा भात, वरण, तूप, लिंबू. मग दोन पुऱ्या किंवा पोळ्या, बरोबर अळूची पातळ भाजी आणि बटाट्याची भाजी. तळण एकदाच. मग मसालेभात, वर तूप. गोड शेवटी आणि एकच प्रकार. मठ्ठा मध्ये-मध्ये, सगळा एकदम नाही. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असते आणि उजवीकडे भाज्या-आमट्या. डावं थोडं-थोडं लावून घेण्यासाठी, उजवं पोटभर. मुलांना हे एकदा सांगितलं की चटणीचा गोळा तोंडात टाकून रडारड होत नाही.

नको असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरा. नुसतं "नको" म्हटलेलं वाढप्याला "थोडंसं" असं ऐकू येतं.

संध्याकाळी घरी मुगाची खिचडी, ताक, पापड. यापेक्षा जास्त काही केलेलं वाया जातं, हेही वहिनींना आधीच सांगून ठेवा.

शनिवार सकाळ: मिसळ, नीट समजून

मिसळ खायची तर साडेआठला तिथे असा. जुन्या ठिकाणांपैकी बऱ्याच जागी दुपारी एक-दोनपर्यंत रस्सा संपतो किंवा शटर खाली येतं, आणि आठवड्यातला एक वार सुट्टीचा असतो. वार ठिकाणागणिक वेगळा, म्हणून आदल्या रात्री फोन करून विचारा.

कुठली मिसळ, यावर पुण्यात घराघरांत दोन पक्ष असतात. पाहुण्यानं पक्ष न घेता फरक समजून घ्यावा. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ आंबट-गोडाकडे झुकणारी, गुळाची चव लागणारी. तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनचा आणि फडके हौदाजवळच्या वैद्यांचा रस्सा आलं-हिरव्या मिरचीच्या वळणाचा, लाल तर्रीचा नाही. कर्वे रस्त्याच्या बाजूच्या काटाकिर्रला कोल्हापुरी वळणाचा तिखट रस्सा मिळतो, आणि कमी, मध्यम की झणझणीत असं विचारलं जातं. "मध्यम" हे घरच्या तिखटाच्या मापानं मध्यम नसतं. पहिल्यांदा खाणाऱ्यानं कमी तिखटच घ्यावी.

पुणेरी मिसळीबरोबर जुन्या जागी पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. त्यात काही चुकलेलं नाही, इथली रीतच तशी. आणि रश्शाला इथे "सॅम्पल" म्हणतात. "एक सॅम्पल द्या" म्हटलं की वाटीभर रस्सा येतो, नमुना चाखायला दिलाय असं समजून चमचाभराची वाट बघू नका.

बशी समोर आली की लगेच कालवू नका. तळाला उसळ, ठिकाणाप्रमाणे पोहे किंवा बटाट्याची भाजी, वर चिवडा-शेव-फरसाण, कांदा-कोथिंबीर अशी ती रचना असते. रस्सा वेगळा मागवा. कडेनं थोडा ओता, तेवढाच भाग कालवा, खा, मग पुढचा. सगळा रस्सा एकदम ओतला तर दोन मिनिटांत शेवेचा लगदा होतो आणि मिसळीतला कुरकुरीतपणा, म्हणजे निम्मी मिसळ, संपते. लिंबू शेवटी पिळा. आधी पिळलं तर रस्सा चाखून बघता येत नाही.

मुलांना उसळ, फरसाण आणि दही द्या, रस्सा चमचाभर कडेला. तिखट लागलं की पाण्याचा पेला पुढे करतात, त्यानं काही होत नाही, कारण मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतं मात्र. दही, ताक, दूध यांतली प्रथिनं ते धुऊन नेतात. म्हणून दह्याची वाटी मिसळीबरोबरच मागवून ठेवा.

नंतर चहा हवाच असेल तर जवळचं एखादं जुनं अमृततुल्य गाठा. पितळी पातेलं, खलबत्त्यात कुटलेलं आलं-वेलदोडा, फडक्यातून गाळलेला गोड चहा. तो कपभरच बरा.

शनिवार दुपार: मंडई, मग मस्तानी

मिसळीनंतर दुपारचं जेवण गाळा. बसायला जागा नसली तरी चालायला जागा भरपूर आहे: तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ साली उघडली. मेट्रोचं स्थानक मंडईलाच आहे, त्यामुळे कोथरूड, शिवाजीनगर, पिंपरी अशा कुठल्याही बाजूच्या मित्राकडून येताना गाडी घरीच ठेवता येते. वनाज-रामवाडी मार्गावरून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला.

मंडईत संध्याकाळच्या स्वयंपाकाची वांगी घ्या. आठ जणांना एक किलो, लहान, लिंबापेक्षा थोडी मोठी, साधारण अठरा-वीस नग बसतील अशी. देठ हिरवा आणि ताठ हवा. देठ काळपट, सुकलेला म्हणजे वांगं शिळं. हातात घेऊन बघा: त्याच आकारात जे हलकं लागतं त्यात बिया कमी. बारीकसं भोक दिसलं तर आत अळी आहे, भाव करू नका, बाजूला ठेवा.

चार वाजता मस्तानी. दाट थंड दूध, त्यात आइस्क्रीम, वरून आणखी एक गोळा. पेय म्हणून मागवतात पण चमच्यानं खावी लागते. सदाशिव पेठेतली सुजाता आणि तुळशीबागेजवळचं कावरे ही ओळखीची नावं. आंब्याची मस्तानी एप्रिल ते जूनमध्ये आलात तर घ्या, इतर दिवसांत सीताफळ किंवा सुका मेवा विचारा. दोन मुलांत एक पुरते. एका मुलाला एक दिली तर रात्रीच्या भरल्या वांग्यांना तो शिवणार नाही.

दुपारी एक ते चार दुकानं बंद, हा विनोद गाडीतच उरकून घ्या. मोठी दुकानं आता दुपारीही उघडी असतात. पेठांतली लहान दुकानं आणि कॅम्पातल्या काही जुन्या बेकऱ्या मात्र अजूनही दुपारी खरोखरच बंद असतात, तेव्हा खरेदी बाराच्या आत किंवा चारच्या पुढे.

शनिवार संध्याकाळ: तुम्ही स्वयंपाक करायचा

वहिनींच्या ओट्यावर, वहिनींच्या मसाल्यानं. गोडा मसाला त्यांच्या डब्यातला घ्या. मराठवाड्याकडचा काळा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला गोड्याच्या जागी घातला तर भाजी वाईट होत नाही, पण ती पुण्याची राहत नाही. गोड्या मसाल्यात दगडफूल, खोबरं, तीळ असतात आणि तिखटपणा जवळजवळ नसतो. तिखट वेगळं घालायचं असतं.

वाटी म्हणजे साधारण दीडशे मिली, चमचा म्हणजे पोहे खायचा चमचा. एक किलो वांग्यांना: भाजलेल्या दाण्यांचं कूट दीड वाटी, भाजून चुरलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, भाजलेले तीळ दोन चमचे, गोडा मसाला चार चमचे, लाल तिखट दोन चमचे, किसलेला गूळ तीन चमचे, चिंचेचा कोळ तीन चमचे, मीठ अडीच-तीन चमचे, दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर. फोडणीला तेल अर्धी वाटी, मोहरी, हिंग, हळद.

वांगी धुऊन देठाची टोपी तशीच ठेवा, काटे तेवढे काढा. खालून अधिक चिन्हासारख्या दोन चिरा द्या, देठापाशी अर्धा इंच सोडून. चीर देठापर्यंत गेली की कढईत वांग्याच्या चार फोडी होतात आणि भरलं वांगं म्हणवत नाही. चिरलेली वांगी लगेच मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात.

सारण हातानं कालवा, कोरडं वाटलं तर दोन-तीन चमचे पाणी. चाखून बघा: आधी आंबट-गोड, मागून तिखट लागलं पाहिजे. वांग्यात ठासून भरू नका, सारण शिजताना फुगतं आणि वांगं उकलतं. चारेक चमचे सारण बाजूला ठेवा.

पसरट जाड बुडाच्या कढईत फोडणी करा, वांगी एका थरात मावतील अशी. दोन थर झाले तर वरची कच्ची राहतात, खालची फुटतात. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हळू परता, साल सगळीकडून चकचकीत होईपर्यंत. उरलेलं सारण घालून एक मिनिट परता आणि दोन वाट्या कडकडीत पाणी घाला. गार पाणी घातलं की उकळी मोडते, शिजायला वेळ लागतो आणि तोवर साली निबर होतात. वर ताट झाका, ताटात पाणी ठेवा, आच बारीक. वीस-पंचवीस मिनिटं. दर सात-आठ मिनिटांनी कढई दोन्ही हातांनी हलवा, डाव घालून ढवळू नका. दाण्याचं कूट तळाला बसून करपतं. वास बदलला तर ताटातलं गरम पाणी अर्धी वाटी कडेनं सोडा. सुरी देठाजवळ टोचून बघा. मधे मऊ आणि देठाशी कच्चं, हा नेहमीचा दगा.

गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं तशीच ठेवा. तेल वर येतं आणि रस दाट होतो. बरोबर ज्वारीच्या भाकरी. त्या येत नसतील तर जवळच्या पोळीभाजी केंद्रातून सांगून आणा, त्यात कमीपणा नाही.

आवरताना ओटा पुसून द्या. कोणती कढई कुठे जाते हे न विचारता फडताळात कोंबू नका.

रविवार: सिंहगड, पण सहा वाजता

सिंहगड शहरापासून तीसेक किलोमीटर. रविवारी नऊनंतर निघालात तर खडकवासल्यापाशीच अडकाल आणि वरचा वाहनतळ भरला की गाड्या खालीच थांबवतात. चढायचं असेल तर आतकरवाडीतून पायवाट, सवयीप्रमाणे तास-दीड तास. आजी असतील तर दोन तुकड्या करा, एक पायी, एक घाटरस्त्यानं गाडीतून.

गडावर पोचल्यावर आधी ऑर्डर द्या, मग तटावर फिरायला जा. आठ जणांच्या भाकऱ्या थापून भाजायला वेळ लागतो, आणि फिरून आल्यावर सांगितलं तर मुलं तेवढ्या वेळात कांदाभज्यांवर पोट भरून घेतात. साडेदहा-अकराला जेवण धरा: पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा. आठ जणांना पाच ताटं सांगा, लागलं तर भाकरी वाढवून मिळते. ठेचा मुलांच्या ताटात मुळीच नको. शेवटी मडक्यातलं दही, सावलीत ठेवलेलं आणि कापल्यासारखं निघणारं. मडक्यात वर पाणी सुटलेलं दिसलं तर दुसरं मागा.

संध्याकाळी पोट हलकं असेल तर फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी, दोघांत एक. सामिष खाणाऱ्यांची तुकडी टिळक रस्त्यावरच्या एसपीज बिर्याणीला पाठवता येईल. गडावर पिठलं खाल्लेल्यांना ती झेपतेच असं नाही.

सोमवार: इराणी नाश्ता, खरेदी, डबा

सकाळी डेक्कनवरच्या कॅफे गुडलकला बन-मस्का आणि इराणी चहा. १९३५ पासूनची जागा आहे. सामिष चालणाऱ्यांना खिमा-पाव. मग साडेनऊ-दहाला कॅम्पात: ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतली श्रुजबेरी बिस्किटं आणि बुधानींचे वेफर्स. कयानीत उशीर केला तर रांग असते आणि माल संपतो. खोका गाडीत सपाट ठेवा. लोण्याची बिस्किटं उन्हात आणि दाबाखाली भुगा होतात.

बाकरवडी चितळ्यांच्या कुठल्याही दुकानात मिळेल, बाजीराव रस्त्यावर जाण्याचा हट्ट नको. अर्ध्या किलोचा एक पुडा घेण्यापेक्षा पाव किलोचे दोन घ्या. फोडलेला पुडा दमट हवेत लवकर सादळतो, कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात काढावी. आंबा बर्फी घेतलीत तर ती गाडीच्या डिकीत न ठेवता पायाशी, सावलीत ठेवा, आणि पुड्यावरची तारीख बघून घ्या.

परतीचा डबा वहिनी देणारच. पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी बरी, दहीभात उन्हाळ्यात चार तासांच्या आत संपवायचा. किती जण गाडीत जेवणार हे रविवारी रात्रीच सांगा, म्हणजे कणीक तेवढीच मळली जाईल, आणि डबे स्वतःचे पुढे करा. त्यांच्या घरातला झाकणाचा चांगला डबा एकदा तुमच्या गावी गेला की तो परत यायला पुढची सुट्टी लागते.